एक जूनचे दोन भाऊ

आमच्या मराठवाड्यात ज्याला त्याला विचारा, तो एक जूनला जन्मलेला असतो. माझे वडील एक जूनचे, दोन्ही काका एक जूनचे, आमचा घरमालकही एक जूनचा. पूर्वी गावात शाळा उघडली की मास्तर घरोघर फिरायचे. पोराला उभं करायचे आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगायचे. बोटं कानाला टेकली की पोरगं सहा वर्षांचं झालं असं धरायचे आणि जन्मतारखेच्या रकान्यात एक जून लिहून मोकळे व्हायचे. मी लातूरच्या दवाखान्यात जन्मलो. माझ्याकडे तारीखवेळेचा दाखला आहे, त्यामुळे या सगळ्याचं मला लहानपणापासून हसू यायचं.

पुढे मला काम मिळालं तेही नेमकं तारखांचंच. सरकारी कचेऱ्यांमधली जुनी संगणक-व्यवस्था मोडून नवी बसवायची होती आणि मी त्या कामावर कंत्राटी माणूस होतो. आधी लातूरला वर्षभर, मग नांदेडला. जुनी व्यवस्था म्हणजे प्रत्येक तालुक्याचा सवतासुभा. हदगावचा संगणक हदगावपुरता, बिलोलीचा बिलोलीपुरता, उमरीचा उमरीपुरता, आणि एकाला दुसऱ्याची खबर नाही. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि नावाला जागा इतकी तोकडी की माणसाचं एक अक्षर, बापाचं एक अक्षर आणि पुढे आडनाव, एवढंच मावायचं. कर्मचाऱ्यांच्या सगळ्या नोंदी त्यातून उपसून एका जागी आणायच्या, हे आमचं काम.

एका जागी आणलं की एकच माणूस दोनदा सापडतो. बदली झाली, नव्या तालुक्यात नाव चढलं, जुन्यातलं कुणी काढलंच नाही, असं सर्रास व्हायचं. त्यासाठी मी लातूरला एक नियम लिहिला. आडनाव, दोन्ही अक्षरं आणि जन्मतारीख जुळली, आणि आधार क्रमांक वेगळा दिसत नसला, तर माणूस एकच धरायचा आणि दोन नोंदींची एक करायची. दुसरा नियम असा की एखाद्याच्या नावापुढे मृत्यूची नोंद आहे, पण पगार चालू आहे, तर मृत्यूची नोंद चुकीची समजून पुसायची. मेलेला माणूस पगार घेत नाही, इतकं साधं. लातूरला या नियमांनी बराच कचरा निघाला. बैठकीत साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मला ते फार आवडलं, हे कबूल करायला हरकत नाही.

ज्या भागात निम्मी माणसं एका तारखेला जन्मली आहेत, तिथं जन्मतारखेवरून माणूस ओळखायला निघालेला मी, वर त्याच भागातला. पण तेव्हा माझ्या डोक्यात तो उजेड पडला नाही. नांदेडला आम्ही एक केलेल्या नोंदींची यादी तालुक्यांना तपासायला पाठवली, पंधरा दिवसांची मुदत दिली. कुणीही ती उघडून पाहिली नाही. आम्ही शांततेला संमती धरलं आणि पुढे गेलो.

मार्चच्या शेवटी एक बाई आल्या. हदगावच्या एसटीनं आल्या होत्या आणि दोन तास बाहेरच्या बाकावर बसून होत्या, हे मला नंतर कळलं. हातात वायरची पिशवी, तिच्यात प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली फाईल. त्यांचा नवरा हदगावला आमच्याच खात्यात शिपाई होता. सहा वर्षांपूर्वी नोकरीत असतानाच छातीत कळ येऊन गेला. अशा वेळी घरातल्या एकाला अनुकंपा म्हणून नोकरी मिळते. त्यासाठी जिल्ह्याची एक यादी असते आणि जागा निघतील तशी नावं पुढं सरकतात. सहा वर्षांत बाई सरकत सरकत चौथ्या नंबरावर आल्या होत्या. या उन्हाळ्यात जागा भरणार होते. आणि नव्या यादीत त्यांचं नावच नव्हतं.

"एक जूनला मला पंचेचाळीस पुरी व्हायलेत," त्या म्हणाल्या. "पंचेचाळीसनंतर घेत न्हाईत. मंग संपलंच की सर."

म्हणजे त्याही एक जूनच्या. हातात दोन महिने होते.

मी त्यांच्या नवऱ्याचा क्रमांक टाकला. पडद्यावर नोंद आली. सेवेत, कार्यरत, ठिकाण उमरी, गेल्या महिन्यात दोन दिवसांची किरकोळ रजा. मी जसं दिसलं तसं बोललो. अशा वेळी माणसानं जरा थांबावं एवढी अक्कल मला त्या दिवशी नव्हती.

"बाई, तुमचे मिस्टर तर उमरीला कामावर आहेत."

त्या रागावल्या नाहीत. मग म्हणाल्या, "असतील तर पत्ता द्या सर. मी जाते की."

मी उमरीला फोन लावला. पलीकडून जो बोलला तो त्यांचा थोरला दीर निघाला. तोही शिपाई. दुसऱ्या दिवशी तो स्वतः नांदेडला आला आणि दोन भावांची दोन सेवापुस्तकं माझ्या टेबलावर आली. दोघांची नावं एकाच अक्षरावरून, बाप एक, आडनाव एक, जन्मतारीख एक जून आणि सालही तेच. धाकटा वारला तोवर कचेरीत त्याचं आधार जोडलेलंच नव्हतं, म्हणून तो रकाना रिकामा. माझ्या नियमानं दोघांना एक केलं होतं. मग त्या एकाचा पगार उमरीला चालू दिसला, म्हणून धाकट्याचा मृत्यू पुसून टाकला होता. नोंद पुसल्यावर अनुकंपा यादीत बाईंचं नाव यायचं कारणच उरलं नव्हतं. सगळं मी लिहिलं तसंच, एकही चूक न होता घडलं होतं.

"सालही एकच कसं?" मी विचारलं.

"माय सांगती, मास्तर मला न्यायला आले तवा ह्यो मागं राहीना," थोरला म्हणाला. "रडून गोंधळ घातला. मास्तर म्हनले, लाव रे तूबी हात कानाला. ह्याचा हात लागला. दोघांचं नाव एकाच दिशी घातलं. दोन वर्साचं अंतर हाय आमच्यात, मी तवा आठाचा हुतो, ह्यो सहाचा."

दोन नोंदी पुन्हा वेगळ्या करायला एक अर्ज होता. त्यात कारण निवडावं लागायचं आणि कारणं तीनच होती. जुळी भावंडं, जन्मतारखेच्या नोंदीत चूक, बनावट नोंद. ही तीन कारणं मीच लातूरला चहा पिता पिता ठरवली होती. चौथं मला सुचलं नव्हतं. "नोंदीत चूक" निवडलं की कुणाची तारीख चूक ते सांगावं लागायचं, आणि मग त्या माणसाची चौकशी आपोआप उघडायची. खरं सांगायचं तर चूक थोरल्याची होती. तो कागदावर दोन वर्षांनी लहान होता. चौकशी लागली असती तर त्याची दोन वर्षांची नोकरी गेली असती, आणि वर फसवणुकीचा बट्टा. धाकट्याची चूक दाखवली असती तर चौकशी संपेपर्यंत बाईंचं काम अडकून पडलं असतं.

मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "आहे त्या अर्जातून बसवा. नियमाला हात लावू नका. एकासाठी लावला की उद्या दहा जण दारात उभे राहतील." मी बरं म्हणालो. खरं तर हात लावायचा म्हटला असता तर लावता आला असता, किल्ल्या माझ्याकडेच होत्या. पण नियम बदलला की पहिला प्रश्न हा आला असता की आजवर यानं आणखी कुणाकुणाला गिळलं. त्या प्रश्नाची मला भीती वाटत होती. तेव्हा मी त्याला शिस्त असं नाव दिलं होतं.

दोघांना बसवून मी सगळं समजावून सांगितलं. थोरला लगेच म्हणाला, "माझी दोन वर्सं गेली तर जाऊ द्या साहेब. भावाच्या लेकरापेक्षा जास्त हाय का." मग उठून बाहेर व्हरांड्यात गेला. बऱ्याच वेळानं आत आला आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "दोनच वर्सं म्हनलात न्हवं?" त्यानं हळूच विचारलं.

"न्हाई भावजी," बाई म्हणाल्या. "तुमचं कशाला वाटोळं. दुसरं काही बघू."

दुसरं म्हणजे जुळी भावंडं. ते मीच सुचवलं. जुळ्यांना कुणाची चौकशी लागत नव्हती. फक्त आईचं शपथपत्र लागत होतं आणि आई हयात होती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बाई, थोरला आणि मी त्यांच्या गावी गेलो. उमरीपासून अर्ध्या तासाचा रस्ता, दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं. म्हातारी ओट्यावर तूर निवडत बसली होती. सत्तरीच्या पुढची, पण नजर बारीक. बाईंची मुलगी, बारावीची परीक्षा देऊन सुट्टीला आलेली, तिच्याशेजारी. मी कागद काढला, वाचून दाखवला. दोघे एकाच दिवशी, एकाच बाळंतपणात जन्मले. म्हातारीनं सूप खाली ठेवलं.

"मी जुळी कुठं घातली जन्माला?" ती म्हणाली. "थोरला दोन वर्साचा होता बाबा. ज्वारी काढायला गेल्ते. खळ्यावरच कळा सुटल्या. थोरल्याला कडब्याच्या गंजीआड बसिवलं, हातात गुळाचा खडा दिला. बारका झाला, पर रडंना. बायका म्हनल्या, गेलं हे. तेवढ्यात गंजीआडून थोरल्यानं भोकाड पसरलं. त्याचं ऐकून ह्यानं सुरू केलं. थोरल्यानं रडाया शिकिवलं ह्याला."

नात ओठ हलवून तिच्याबरोबर म्हणत होती. तिला ते पाठ होतं. बाईंनी मला नंतर सांगितलं की पितृपक्षात धाकट्याच्या तिथीला जेवणं झाली की म्हातारी ही गोष्ट दरवर्षी सांगते. मुलगी अकरा-बारा वर्षांची असताना बाप गेला, त्यामुळे बापाचं जे थोडं तिच्याजवळ होतं त्यात ही गोष्ट होती.

"आजी, नुसतं कागदापुरतं," मी म्हणालो.

"कागदापुरतं कसं? शपथ हाय की त्याच्यावर. तुमच्या कागदाला काय धाड भरलीय, दोन लेकरं दोन सालात झाली तर?"

मी तिला नवी व्यवस्था समजावून सांगू लागलो. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. समजलं नाही असं वाटलं नाही. मग विचारलं, "हे ठरिवलं कुनी?"

"वरून आलंय," मी म्हणालो.

तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि खोटं सांगणार नाही, एवढं बोलून तूर निवडायला लागली. बाई आत चहा करत होत्या. परत निघताना मी चिडलो होतो, आणि चिडलो होतो तो म्हातारीवर. इतक्या धडपडीनं वाट काढावी आणि हिनं एका अंगठ्यासाठी अडून बसावं, असं मला वाटत होतं. बाकी सगळ्यांचं सोडा, पण निदान मी तरी तिच्यावर चिडायला नको होतं.

मे महिना उजाडला. बाई दर दोन-तीन दिवसांनी फोन करायच्या, "काही झालं का सर," एवढंच विचारायच्या. म्हातारीला कुणी बोलायचं नाही, असं त्यांनी घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. दहा तारखेच्या सुमारास थोरल्याचा फोन आला. माय तयार झाली होती. कुणी समजूत घातली, मी विचारलं. कुणीच नाही, म्हणाला. "सकाळी उठली आन् म्हनली, चला उमरीला. एवढंच."

उमरीला शपथपत्राच्या टेबलापाशी मीही उभा होतो. अधिकारी सभ्य माणूस होता. त्यानं म्हातारीला खुर्ची दिली, कागद सावकाश वाचून दाखवला आणि विचारलं, "आजी, हे खरं आहे का?"

"हाव," ती म्हणाली.

"जुळ्यांत आधी कोण झालं? इथं लिहावं लागतंय."

म्हातारीनं वळून माझ्याकडे बघितलं. मी नजर कागदावर ठेवली.

"थोरला आधी," ती म्हणाली. "लगेच बारका."

अंगठा उठला. त्याच दुपारी मी नांदेडला येऊन नोंदी वेगळ्या केल्या. पडद्यावर धाकटा पुन्हा मेला आणि बाई पुन्हा चौथ्या नंबरावर आल्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात हदगावला हजर होण्याचा आदेश निघाला. त्या रुजू झाल्या तेव्हा पंचेचाळिसाला चार दिवस बाकी होते. कचेरीत मला लोकांनी शाबासकी दिली. बाई पेढे घेऊन आल्या. मला बरं वाटलं आणि मी तीन पेढे खाल्ले.

पुढे पावसाळ्यात सगळ्या जिल्ह्याच्या नोंदी एकदा शेवटच्या नव्या व्यवस्थेत उतरवायच्या होत्या. त्याआधी मी माझ्या नियमानं एक केलेल्या नोंदी पहिल्यांदा नीट, सेवापुस्तकं शेजारी घेऊन, एकेक करून वाचल्या. चुलतभाऊ होते, एकाच गावातले एकाच आडनावाचे नुसते शेजारी होते, सगळे एक जूनचे, सगळे एकाच मास्तरच्या हातचे. मी नियम काढून टाकला. अर्जात चौथं कारण घातलं, "दोन स्वतंत्र व्यक्ती", आणि त्याला कुठलाही पुरावा मागितला नाही, फक्त दोन सेवापुस्तकं. या सगळ्याला चार मिनिटं लागली. साहेबांना मी सुधारणा केली म्हणून सांगितलं. ते बरं म्हणाले आणि दुसऱ्या विषयाकडे वळले. कुणीही मला काही विचारलं नाही. ज्या प्रश्नाला मी घाबरत होतो तो आलाच नाही. त्या दिवशी मला माझी खरी लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

दिवाळीच्या आधी हदगावला नवी व्यवस्था शिकवायला गेलो. बाई आवक-जावकच्या टेबलावर होत्या. येणारा प्रत्येक कागद त्यांना संगणकात चढवावा लागायचा. एका बोटानं टंकायच्या, पण चूक करायच्या नाहीत. दुपारी बाकीचे जेवायला गेले तेव्हा मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढली. म्हटलं, ते शपथपत्र आता लागत नाही, फाईलमधून परत घेता येईल. तुमच्या नोकरीला धक्का नाही, भावजींनाही कुणी काही विचारणार नाही. आजींना तसं सांगा. हेही म्हटलं की तेव्हा वरून काही आलेलं नव्हतं, तो नियम माझाच होता.

त्यांनी ऐकून घेतलं. मला काही बोलतील म्हणून मी वाट बघत होतो.

"आत्याबाई ऐकायच्या न्हाईत सर," त्या म्हणाल्या. "शपथेवर सांगितलंय म्हणतात. आता फिरिवलं की सुनेची नोकरी जाईल, हेच डोक्यात बसलंय. मी लई सांगून बघितलं."

मग पडद्याकडे बघत त्यांनी पुढचं सांगितलं. पितृपक्षात नवऱ्याची तिथी झाली. जेवणं झाल्यावर पोरगी नेहमीसारखी आजीजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, खळ्यावरचं सांग. म्हातारी म्हणाली, सांगायचं काय, दोघं एकदमच झाले. पोरीला आधी चेष्टा वाटली. मग ती भांडली, रडली. पोरगी कॉलेजात जाती, कुठं बोलली, कुणी ऐकलं तर, असं म्हातारी नंतर बाईंच्या कानात म्हणाली.

"मंग पोरगी म्हनली, बरं, कडबा नको सांगू, गूळ नको सांगू. पप्पा काकाचं ऐकून रडले का, एवढंच सांग."

"मग?"

"आठवत न्हाई म्हनल्या."

त्यांनी टेबलावरचा एक लखोटा उचलून त्यावरचा क्रमांक टंकला आणि यानंतर कुठलं बटण दाबायचं ते मला विचारलं. मी दाखवलं.